‘शेठला विचारून सांगतो’: डाळ मिलमधले निर्णय खाली कसे सोपवायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जळगाव एमआयडीसीत तुमची डाळ मिल आहे. रोजची सुमारे २० टन तूर, दोन पाळ्या, हमाल धरून ४० माणसं. तीन वर्षांपूर्वी कारभार वडिलांकडून तुमच्याकडे आला. वडील अजून रोज सकाळी येऊन बसतात, खरेदी काका बघतात. तुम्हाला दिवसाला ५०-६० फोन येतात. बेल्ट तुटला तरी फोन, आभाळ आलं तरी फोन, गाडी गेटवर उभी राहिली तरी फोन. पाळीमागे पोत्यांवर बक्षीस लावून पाहिलं, सॉफ्टवेअर घेतलं, पुण्याहून मॅनेजर आणला, तो आठ महिन्यांत सोडून गेला. आणि तुम्ही विचारताय, ‘आमच्याकडची माणसं जबाबदारीच घेत नाहीत, त्यांची मानसिकता कशी बदलायची?’

मानसिकतेचा प्रश्न मला दिसत नाही. तुम्हीच लिहिलंय की रात्रपाळीचा सुपरवायझर १४ वर्षं तुमच्याकडे आहे आणि रावेरकडे गावी स्वतःची केळीची बाग सांभाळतो. केळीला पाणी कधी तोडायचं, खत किती द्यायचं, घड कधी कापायचे, कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचे, हे सगळं तो स्वतः ठरवतो. त्यात त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात. तोच माणूस मिलमध्ये दोन-अडीच हजारांच्या बेल्टसाठी ‘शेठले ईचारीसन सांगस’ म्हणतो. माणूस तोच आहे, म्हणजे फरक जागेत शोधायला हवा. बागेत त्याला तीन गोष्टी माहीत असतात: निर्णय कोणाचा, त्यासाठी लागणारी माहिती कुठे, आणि चुकलं तर नेमकं काय होईल. मिलमध्ये यातली एकही गोष्ट त्याला धड ठाऊक नाही. अशा वेळी मालकाला विचारणं हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग आहे. विचारून केलं आणि बिघडलं तर बोल मालकाला. न विचारता केलं आणि बिघडलं तर बोल त्याला.

हे नवं नाही. फ्रान्समधल्या खाण कंपनीचा कारभार अनेक वर्षं सांभाळलेल्या आंरी फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची जी तत्त्वं मांडली, त्यात अधिकार आणि जबाबदारी जोडीने चालतात हे एक होतं, आणि एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा हे दुसरं. तुमच्या मिलमध्ये आज ही दोन्ही मोडलेली आहेत. जबाबदारी सुपरवायझरची, अधिकार तुमचा; आणि आदेश मात्र तीन तोंडांतून.

पुढचं सांगण्याआधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगतो. सुपरवायझरना लिहिता-वाचता येतं आणि ते निदान वर्षभर टिकलेत असं मी धरतोय. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर आधी पगार आणि पाळीचे तास बघा, सोपवण्याचं नंतर. मिल बँकेच्या हप्त्यात अडकली असेल आणि रोज रोकड जुळवावी लागत असेल, तर पैशांच्या मर्यादा मी खाली म्हणतोय त्यापेक्षा लहान ठेवाव्या लागतील. आणि घरातल्या तिघांचं एकमत नसेल तर हे सगळं कागदावर राहील. त्यावर नंतर येतो.

पहिलं काम वहीचं. १४ दिवस येणारा प्रत्येक फोन आणि केबिनमध्ये येऊन विचारलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहा: वेळ, कोणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, आणि उत्तर मिळेपर्यंत काम किती वेळ थांबलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक गाळतात. या काळात उत्तरं नेहमीसारखीच द्या, काही बदलू नका. दोन आठवड्यांत ७००-८०० ओळी होतील. त्या वाचल्या की दिसतं, वेगवेगळे प्रश्न जेमतेम २५-३० आहेत, तेच फिरून फिरून येतात. त्यातल्या बहुतेकांना तुम्ही दर वेळी तेच उत्तर दिलेलं असतं.

आता त्या २५-३० प्रश्नांचे चार ढीग करा.

पहिला ढीग, जिथे उशीर हा चुकीपेक्षा महाग पडतो. यातलं आभाळाचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण तुमच्या फोनमध्ये ते आहे. तेल लावून, रात्रभर मुरवून तूर ओट्यावर वाळत घातली आहे, समजा १० टन. दुपारी बारा वाजता पश्चिमेकडून भरून आलं. मुकादम आकाश बघतोय, मजूर त्याच्या शेजारी उभे आहेत, आणि तो तुम्हाला फोन लावतो. तुम्ही बँकेत आहात. तुम्हाला ते आकाश दिसतच नाही. दहा मिनिटांनी तुम्ही परत फोन करता आणि विचारता, ‘तुला काय वाटतं?’ तोवर थेंब सुरू. आता हिशेब करा. माल गोळा करून ताडपत्री टाकली आणि पाऊस आलाच नाही, तर १० मजुरांचा एक तास गेला, म्हणजे रोजी ५०० रुपये धरली तर सहा-सातशे रुपये, वर अर्ध्या दिवसाचं ऊन वाया. माल भिजला तर पुन्हा वाळवण, डाळीचा रंग गेला, थप्पीत बुरशीची भीती, आणि त्या लॉटचा भाव पडला. नुकसान हजारांत मोजायचं. म्हणजे सहा वेळा माल उचलला आणि त्यातल्या पाच वेळा पाऊस आला नाही, तरी मुकादमाचा निर्णय बरोबरच ठरतो. हा निर्णय आकाश बघणाऱ्याचाच असला पाहिजे. विचारायचं नाही, उचलायचं आणि मग कळवायचं.

याच ढिगात तापलेलं बेअरिंग येतं, माल वर चढवणारा एलिव्हेटर चोंदणं येतं, जळका वास येतो. ऑपरेटरने मशीन थांबवायचं, कोणाचीही परवानगी न घेता. टोयोटाच्या कारखान्यांत साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवता येते, त्यामागे हाच विचार आहे. फिटरने मशीन बंद करून मेन स्विचला कुलूप आणि पाटी लावली असेल, तर ती पाटी त्याच्याशिवाय कोणीही काढायची नाही. तुम्हीही नाही, वडीलही नाहीत.

दुसरा ढीग, पुन्हा पुन्हा येणारे आणि नियमात बसणारे प्रश्न. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तुमचे निम्म्याहून जास्त फोन इथून येतात. गाडीचंच बघा. लातूर, अकोला किंवा कलबुर्गीहून तुरीची गाडी आली, ओलावा जास्त निघाला, उतरवायची का? नियम असा लिहिता येतो: परखीने (पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ सळई) गाडीच्या वेगवेगळ्या भागांतल्या पोत्यांतून पाच नमुने, प्रत्येकाचा ओलावा मीटरवर मोजून पाचांची सरासरी. सरकारी खरेदीच्या निकषात तुरीला ओलाव्याची कमाल मर्यादा १२ टक्के असते, तीच धरा. सरासरी १२ पर्यंत आली तर न विचारता उतरवा. १२ ते १४ च्या मध्ये असेल तर सौद्यात ठरलेली वजनातली कट लावून उतरवा आणि वेगळ्या थप्पीला लावा. १४ च्या वर असेल किंवा पाचांतल्या दोन नमुन्यांत किडका माल दिसला, तर गाडी थांबवा आणि काकांना फोन करा. आकडे तुमच्या मालाप्रमाणे बदला, पण रचना अशीच ठेवा: खालची हद्द, मधला पट्टा, वरची हद्द. मधल्या पट्ट्यात काय करायचं हे लिहिलेलं नसेल तर सगळ्या गाड्या मधल्याच पट्ट्यात येऊन अडकतात.

पण यात एक गोम आहे आणि बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं. कट किती लावायची हे सौद्यात ठरतं, आणि सौदा काकांच्या डोक्यात किंवा त्यांच्या मोबाइलवरच्या दलालाच्या मेसेजमध्ये असतो. गेटवरच्या माणसाने निर्णय घ्यायचा कसा? म्हणून सौदा झाला की त्याच दिवशी चार ओळींची चिठ्ठी गेटवर पोहोचली पाहिजे: दलाल, वजन, भाव सोडून बाकीच्या अटी, ओलाव्याची कट. भाव सांगायचा नसेल तर नका सांगू, त्याला तो लागतही नाही. अधिकार दिला पण चिठ्ठी दिली नाही, तर चौथ्या गाडीला फोन परत सुरू होतील आणि तुम्ही म्हणाल, ‘सांगितलं होतं ना ठरवायला!’

खर्चाच्या मर्यादेचंही तसंच. अंदाजाने आकडा टाकू नका. गेल्या सहा महिन्यांची किरकोळ खर्चाची व्हाउचरं काढा, लहान ते मोठी अशी लावा, आणि दहापैकी आठ व्हाउचरं ज्या रकमेच्या आत बसतात ती सुपरवायझरची एका वेळची मर्यादा ठेवा. समजा ती ५,००० आली. महिन्याची एकूण मर्यादा वेगळी ठेवा, समजा २५,०००. नुसती एका वेळची मर्यादा ठेवली तर १२,००० च्या कामाची तीन बिलं होतात. रोखीचं भानही द्या: धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर सहसा तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. मोठं बिल ऑनलाइनच गेलं पाहिजे. आणि स्टोअरमध्ये नेहमी लागणाऱ्या मापांचे बेल्ट, बेअरिंग, एलिव्हेटरची बकेटं आणि चाळणीच्या जाळ्या दोन-दोन ठेवा. रात्री दोन वाजता अधिकार असून उपयोग नाही, जर बेल्ट दुकान उघडल्यावरच मिळणार असेल.

तिसरा ढीग, दोघांनी आपसात मिटवायचे प्रश्न. डिस्पॅचवाला म्हणतो आज हरभऱ्याच्या डाळीची गाडी भरायची आहे, उत्पादनवाला म्हणतो तुरीचा लॉट अर्धा राहिलाय, बदललं तर चाळण्या आणि रोलरची जुळणी करण्यात निम्मी पाळी जाते. आज दोघं वेगवेगळे तुमच्याकडे येतात आणि तुम्ही न्यायनिवाडा करता. हे त्या दोघांनी ठरवायचं आणि संध्याकाळी तुम्हाला सांगायचं. जमलं नाही तर दोघांनी एकत्र यायचं, एकट्याचं ऐकायचं नाही. एवढा एक नियम पाळलात तरी या ढिगातले बहुतेक प्रश्न तुमच्यापर्यंत पोहोचणार नाहीत.

चौथा ढीग तुमचा. मोठी खरेदी, नव्या व्यापाऱ्याला उधारी, मशिनरी, माणूस ठेवणं-काढणं, पिशवीवरचं लेबल. तुरीचा साठा तर मुळीच खाली सोपवू नका. जून २०२३ मध्ये केंद्राने तूर-उडदावर साठ्याची मर्यादा घातली आणि २०२४ मध्येही तूर-हरभऱ्यावर घातली. अशा वेळी गिरणीमालकाला साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करावा लागतो, आणि चुकलं तर कारवाई मालकावर होते. हमालीचे दरही सुपरवायझरने परस्पर वाढवून द्यायचे नाहीत. माथाडी कायदा १९६९ पासून आहे, आणि जिथे माथाडी मंडळामार्फत काम चालतं तिथे दर ठरवण्याची रीत ठरलेली आहे.

चारही ढीग एका पानावर लिहा. दोन पानं झाली तर कोणी वाचत नाही. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि सुपरवायझरसोबत बसून लिहा. लिहिताना त्याला तोंडी दहा प्रसंग विचारा: ‘रात्री तीन वाजता सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणारं मशीन) बंद पडलं, सकाळी सातला गाडी भरायची आहे, काय करशील?’ त्याच्या उत्तरावरून कळेल मर्यादा कुठे मोठी हवी, कुठे लहान, आणि कोणत्या गोष्टी त्याला शिकवायच्या राहिल्या आहेत.

आता माहितीबद्दल, आणि इथे तुमच्या बक्षिसाचा विषय येतो. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाचा विचार मांडला तेव्हा स्वनियंत्रण हा त्याचा अर्धा भाग होता. माणसाला आपलं काम कसं चाललंय हे मोजणारी माहिती थेट त्याच्याच हातात गेली पाहिजे, साहेबाकडे जाऊन मग बोलणी म्हणून खाली येता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे लोकांनी उद्दिष्टांचे तक्ते घेतले आणि हा भाग सोडून दिला. तुमच्याकडे उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीतून किती किलो डाळ निघाली ते, महिनाअखेरीला अकाउंटंट काढतो. रोलर चालवणाऱ्याला आपला उतारा किती पडला हे कधीच कळत नाही. तुरीचा उतारा साधारण ७० ते ७५ टक्के असतो. २० टनांवर एक टक्का म्हणजे रोजची २०० किलो डाळ. डाळ आणि चुनी (दाणे फुटून निघणारा चुरा) यांच्या भावात किलोमागे ७० रुपयांचा फरक धरला तर दिवसाचे १४,००० रुपये. बेल्टच्या अडीच हजारांसाठी तुमची परवानगी लागते आणि या १४,००० कडे दिवसभर कोणाचंही लक्ष नसतं.

पोत्यांवरचं बक्षीस इथे उलटं काम करतं. पोती वाढवायची तर ऑपरेटर माल जोरात सोडतो, आणि साल राहू नये म्हणून रोलर आवळतो. साल निघते, पण दाणा फुटतो, चुरी वाढते. पोती वाढली, उतारा पडला, बक्षीस तुम्ही दिलं. शिवाय आणखी एक अडचण आहे. तुरीला रोलरवर ओरखडे पाडतात, टनामागे साधारण २ ते ५ किलो तेल लावतात, रात्रभर मुरवतात, मग ऊन बघून दोन-तीन दिवस वाळवतात. म्हणजे आजच्या पाळीत निघालेली डाळ ही तीन-चार दिवसांपूर्वी दुसऱ्याच पाळीने लावलेल्या मालाची असते. तेल कमी लावणारा वेगळा, आणि साल सुटत नाही म्हणून बोलणी खाणारा वेगळा. पाळीवर बक्षीस म्हणजे नशिबाला बक्षीस. ते बंद करा, पण सरासरी जेवढं मिळत होतं तेवढं पगारात मिळवा. नाहीतर त्यांच्या लेखी तुम्ही पगार कापलेला असेल.

त्याऐवजी लॉटवार हिशेब ठेवा. प्रत्येक लॉटला नंबर, ओट्यावर पाटी, आणि रोलरजवळ एक फळा: लॉट नंबर, तूर किती किलो, डाळ, चुनी, टरफल, घट, उतारा. एका लॉटला एक ओळ. फळा ऑपरेटरने स्वतः भरायचा, अकाउंटंटने नाही.

आकडे लागले की दुसरा मोह होतो, प्रत्येक आकड्यावर जाब विचारण्याचा. काल ७२.४, आज ७१.६, ‘काय झालं रे?’ बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं. प्रत्येक प्रक्रियेत थोडी चढउतार असतेच. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नेहमीची चढउतार आणि खरोखर घडलेला बिघाड वेगळे ओळखण्यासाठी नियंत्रण आलेख तयार केला, आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी तोच विचार व्यवस्थापनापर्यंत नेला. नेहमीच्या चढउतारावर माणसाला बोलल्याने सुधारणा होत नाही, उलट आकडे सजवले जातात, असं डेमिंग सांगत. तुमच्यासाठी सोपी रीत अशी: सारख्या तुरीचे २० लॉट घ्या. उताऱ्याची सरासरी काढा. लागोपाठच्या दोन लॉटमधला फरक काढत जा आणि त्या फरकांचीही सरासरी काढा. तिला २.६६ ने गुणा. समजा सरासरी ७२ आली आणि फरकांची सरासरी ०.६, तर गुणाकार साधारण १.६. म्हणजे ७०.४ ते ७३.६ मध्ये येणाऱ्या कोणत्याही एका लॉटबद्दल कोणाला बोलवायचं नाही. त्याबाहेर गेलं तर त्याच दिवशी रोलरपाशी जाऊन बघायचं: रोलरवरचा एमरीचा खरखरीत थर झिजला का, तेल कमी पडलं का, माल नीट वाळला होता का. देशी तूर आणि आफ्रिकेतून आलेली तूर यांचे हिशेब वेगळे ठेवा, एकत्र केले तर या मर्यादांना अर्थ राहत नाही. आणि सरासरीच ७२ वरून ७३ न्यायची असेल तर ते काम सुपरवायझरचं नाही, तुमचं आहे. त्यासाठी ड्रायर किंवा प्रतवारीच्या चाळण्या लागतील, आणि तो खर्च तुमच्या ढिगातला आहे.

हे सगळं लिहून, टांगून झाल्यावर खरी परीक्षा पहिल्या चुकीला होते. मुकादमाने माल उचलला आणि लख्ख ऊन पडलं. वडील ओट्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाले, ‘कशाला रे उचललं?’ एवढं एक वाक्य पुरतं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. मुकादम एकटाच शिकत नाही, बघणारे चाळीसही शिकतात. म्हणून आधीच ठरवून ठेवा: मर्यादेत राहून घेतलेला निर्णय चुकला तर सगळ्यांसमोर तो उचलून धरायचा, आणि मग एकट्याला घेऊन फक्त विचारायचं, ‘त्या वेळी काय दिसत होतं? पुढच्या वेळी काय बघशील?’ नियम अपुरा असेल तर पानावरचा नियम बदला. मर्यादा ओलांडून घेतलेल्या निर्णयाला मात्र चांगला निघाला तरी शाबासकी नाही. निकालावरून निर्णय तोलायला लागलात की सगळे पुन्हा सावध होतात.

पहिले तीन आठवडे फोन येतच राहतील. पानावर असलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. ‘पानावर काय लिहिलंय? तुझं काय मत? मग कर,’ एवढंच. उत्तर तुम्हाला येत असतं आणि ते देणं दहा सेकंदांचं काम असतं, म्हणूनच हे जड जातं. ज्या दिवशी घाईत असाल त्या दिवशी तर हमखास उत्तर तोंडातून निघतं. आणि त्यांना कळतं की शेठ घाईत असले की जुनंच चालतं.

चोरीची भीती तुम्ही लिहिली नाही, पण सगळ्याच मालकांच्या मनात ती असते आणि निर्णय हातात ठेवण्यामागचं मोठं कारण तेच असतं. तिच्यावर उपाय आधीची परवानगी नाही, नंतरची तपासणी आहे. ठरवणारा आणि नोंद करणारा एकच माणूस नको. बेल्ट सुपरवायझरने मागवला तर जुना बेल्ट स्टोअरमध्ये जमा झाल्याशिवाय अकाउंटंटने बिल चुकतं करायचं नाही. वजनकाट्याची पावती दोघांच्या सहीची. महिन्यातून दोनदा, आधी न सांगता, एखाद्या थप्पीची पोती मोजा. परवानगी मागून चोरी करणाऱ्याला तुमची परवानगी अडवत नाही. उलट त्याला तुमची सही मिळालेली असते.

घरच्यांबद्दल. हा भाग सगळ्यात नाजूक आहे आणि बाकीचं यावरच टिकून आहे. मजुराला रजा सुपरवायझरने नाकारली की तो मोठ्या शेठकडे जातो, आणि ‘जाऊ दे रे, घरी लग्न आहे त्याच्या’ म्हणून ती मिळते. वडिलांचा हेतू चांगला असतो. पण सुपरवायझरची त्या दिवसापासून किंमत शून्य. वडिलांना ‘तुम्ही मध्ये पडू नका’ म्हणणं योग्य नाही आणि ते चालणारही नाही. त्यांना असं काम द्या जे त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही: जुन्या व्यापाऱ्यांची वसुली, दलालांशी संबंध, तुरीच्या नमुन्याची पारख. मजूर तक्रार घेऊन आला तर त्यांनी एवढंच विचारायचं, ‘सुपरवायझरशी बोललास का?’ दिलेला निर्णय त्यांनाही पटला नाही तर तो तुम्हाला सांगायचा, सुपरवायझरला नाही. काकांचंही तसंच: खरेदीत शेवटचा शब्द त्यांचा, मिलच्या आत सुपरवायझरचा. तिघांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास बसा, मिलमध्ये नाही, घरी. त्या आठवड्यात कोणी कोणाचा निर्णय फिरवला एवढाच विषय. सुरुवातीला तीन-चार प्रसंग निघतील, त्यातले एक-दोन तुमचे स्वतःचेही असतील.

पुण्याचा मॅनेजर का गेला, हे आता वेगळं सांगायला नको. त्याला हुद्दा होता, पण रजा मंजूर करण्याचा, पाच हजार खर्च करण्याचा, गाडी थांबवण्याचा अधिकार नव्हता. माणसांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. पान लागू होऊन सहा महिने झाल्याशिवाय नवा मॅनेजर शोधू नका. बहुधा लागणारही नाही. १४ वर्षं मिलमध्ये काढलेल्या सुपरवायझरचा पगार वाढवणं त्यापेक्षा स्वस्त पडेल. वाढवाच. दिवसाला लाखो रुपयांचा माल त्याच्या हातून जातो, आणि जबाबदारी वाढली तर पगारातही दिसायला हवी. सॉफ्टवेअर तूर्त खरेदी-विक्री आणि साठ्यापुरतं चालू द्या. लॉटचा फळा तीन महिने नीट भरला गेला की मगच तो त्यात घाला, नाहीतर चुकीचे आकडे लवकर मिळतील एवढंच.

सुरुवात कधी करायची? जानेवारी ते मार्चमध्ये नवी तूर येते तेव्हा नको. त्या धावपळीत तुम्हीच जुन्या सवयीवर जाल. श्रावणात काम थोडं सैल असतं, तेव्हा वही घाला. शिवाय पावसाचे आणि ओट्याचे प्रश्न त्याच दिवसांत जास्त येतात, ते वहीत येतील. गणपतीनंतर सुपरवायझरसोबत बसून पान लिहा. आणि खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली की सगळे जमलेलेच असतात, तेव्हा ते पान वडिलांनी स्वतः वाचून दाखवावं. तुम्ही वाचलंत तर तो नवा नियम ठरतो. त्यांनी वाचलं तर मजुरांना कळतं की आता मोठ्या शेठकडे जाऊनही तेच उत्तर मिळणार. त्यानंतर तूर येईपर्यंत तीन महिने मिळतात, तेवढ्यात पहिल्या चुका होऊन जातात.

वही पूर्ण झाली की पहिल्या आणि दुसऱ्या ढिगातले प्रश्न, आणि किरकोळ खर्चाच्या व्हाउचरांचे आकडे इथेच लिहा. मर्यादा किती ठेवायच्या ते आकडे समोर असले की नेमकं सांगता येईल.